हे आलं कुठून?

डेंग्यूच्या हंगामात प्रत्येक नातेवाइकाला एकच आकडा हवा असतो: प्लेटलेट किती? मग लॅबवालेही पेशी मोजणाऱ्या यंत्राचे आकडे छापून रिपोर्ट सोडून देतात. ही सवय जिवावर बेतू शकते.

परवा एकोणीस वर्षांचा मुलगा आला. हिरड्यांतून रक्त. प्लेटलेट १८,०००, पांढऱ्या पेशी २,१००. आधीच्या लॅबनं दोन दिवस नुसते आकडे दिलेले. पण हिमोग्लोबिन ७.८ होतं. गंभीर डेंग्यूत रक्त घट्ट होतं, इथे उलटंच. मी पॅथॉलॉजिस्ट; काचेवर रक्ताचा पातळ थर ओढून स्लाइड करायला सांगितली.

आमच्या टेक्निशियनचा हात सुरेख आहे. एका दमात ओढलेली फिल्म, टोकाला जिभेसारखी निमुळती. लेशमन हा रंग दोन मिनिटं, वर दुप्पट बफर द्रावण, मग दहा मिनिटं हात लावायचा नाही. घाई केली की पेशींतले नेमके कणच रंगत नाहीत.

सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली, फिल्मच्या शेपटीकडे सापडली: मोठी पेशी, दुमडलेलं केंद्रक, जांभळे कण ठासून भरलेले आणि त्यांत लालसर काड्यांची मोळी. आउअर रॉड. सबंध फिल्मवर अशा अकराच. प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग. यात मेंदूत कधी रक्तस्राव होईल सांगता येत नाही, म्हणून जनुकीय तपासणीची वाट न पाहता आट्रा या औषधाच्या कॅप्सूल सुरू करतात. मी धावतच फिजिशियनकडे गेले.

बाहेर आई बसली होती. "मॅडम, हे आलं कुठून? पाण्यातून?"

पेशी पेशीतूनच जन्मते, हे रुडॉल्फ विर्चो या जर्मन डॉक्टरनं १८५५ साली मांडलं. त्याआधी दहा वर्षं 'पांढऱ्या रक्ता'च्या, म्हणजे ल्युकेमियाच्या, रुग्णाचं वर्णनही त्यानं केलं होतं. कॉलेजात मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं. त्या क्षणी मात्र उत्तर तेच होतं. त्या अकराही एकाच पेशीची लेकरं. तिच्या पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली, आणि तिची पिढी अर्धवट वयातच अडकली. आट्रा त्या पेशींना पुढे वाढू देतं.

मी म्हटलं, "बाहेरून काही आलं नाही. त्याच्याच रक्तातली एक पेशी बिघडली."

"म्हणजे माझ्याच रक्तातून आलं त्याला?"

नाही, नाही, असं मी तीनदा सांगितलं. रात्री त्याला मुंबईला हलवलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना तिनं पुन्हा विचारलं, "पोटात होता तेव्हाच होतं का हो?"

'रक्तातली' हा शब्द मी वापरायलाच नको होता. हाडातल्या मज्जेतली म्हटलं असतं, तर तिनं स्वतःवर घेतलं नसतं.