वन्सं, घर असताना गाडीत झोपायचं?

आईचे दोन्ही गुडघे बदलले त्याला चार वर्षं झाली. चालते छान, पण खाली बसता येत नाही आणि कठडा नसलेला जिना चढत नाही. तेव्हापासून तिचं साताऱ्याला जाणं बंद झालं. कारण कुणी उघड बोलत नव्हतं, पण ते एकच होतं. मामाच्या घरचा संडास मागच्या अंगणात, चार पायऱ्या उतरून, तोही उकिडवं बसायचा. एकदा कमोडची घडीची खुर्ची बरोबर नेली होती. परत निघताना ती डिकीत टाकली तेव्हाचा आईचा चेहरा बघून मी तो विषयच सोडला.

तर कॅराव्हॅन घेतली ती त्यासाठी. निसर्ग बघायला नाही, संडास बरोबर न्यायला.

पुण्यातून पाच दिवसांसाठी भाड्याने मिळाली. दिवसाला साडेनऊ हजार, २५० किलोमीटरपर्यंत. पुढचं वेगळं, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी: दोन पलंग, एवढासा ओटा, फ्रीज आणि मागे कपाटाएवढी मोरी-संडास. लोक टीव्ही आहे का, एसी आहे का विचारतात म्हणे. मी टेप घेऊन गेले आणि दाराची पायरी मोजली. चौदा इंच. आईला हे जमणार नाही, म्हणून सुताराकडून सात इंचांचा एक भक्कम लाकडी पाट करून घेतला, वर रबराची चटई ठोकून. पूर्ण सहलीत मी घेतलेला हा एकच निर्णय शंभर टक्के बरोबर निघाला.

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात गाड्या लावायला पार्क वगैरे सगळं आहे. पण माझा मामा पार्कात राहत नाही, माची पेठेत राहतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा चढ, गल्ली अशी की रिक्षा समोरून आली तर स्कूटरने मागे जायचं. गाडी खालीच एका ओळखीच्या मैदानात लावली, आई रिक्षाने वर गेली आणि तिथे खरा घाट सुरू झाला. खंबाटकी त्यापुढे काहीच नाही.

"वन्सं, घर असताना गाडीत झोपायचं?" मामी दारातच म्हणाली. "उद्या गल्लीतल्या बायका विचारतील, नणंदेला घरात घेतलं नाही का म्हणून."

आईने गुडघ्यांचं सांगितलं. मामी म्हणाली, कॉट आहे की. संडासाचं मात्र आई काही केल्या तोंडावाटे काढेना. शेवटी मीच बोलले. मामी गप्प झाली, मग मामावर चिडली, "दहा वर्षं म्हणतेय आत बांधून घ्या." तह असा झाला: जेवण तुमच्याकडे, झोप आमच्याकडे. आणि दुपारी मामीने गाडी बघायला यायचं.

ती आली, सगळे खण उघडून बघितले, गादी दाबून बघितली आणि माझ्या आधीच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा शहाणा प्रश्न विचारला, "हे सांडपाणी जातं कुठं?"

ओट्याचं आणि मोरीचं पाणी गाडीखालच्या टाकीत साठतं. ड्रायव्हरदादांची पद्धत म्हणजे हायवेला कडेला थांबून नळ सोडून द्यायचा. ते मी बंद केलं. त्या पाण्याला नंतर तासगावकडे नारळाची झाडं मिळाली. संडासाची टाकी वेगळी, चाकं लावलेल्या बॅगेसारखी बाहेर ओढता येते. वीसेक लिटरची. आत औषध टाकायचं, आम्हा दोघींना तीन दिवस पुरली. ती कुठल्याही घरच्या संडासात रिकामी करून धुवायची. लिहायला सोपं आहे. पाहुणे म्हणून गेलेल्या घरात असली बॅग ओढत नेणं कसं वाटतं, ते विचारू नका.

पहिल्या रात्रीची फजिती माझीच. गाडी मैदानात, विजेची वायर पोचायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे सगळं बॅटरीवर. दिवे, पंखा, फोन रात्रभर नीट चालले. पहाटे सहाला मला चहाची तल्लफ आली आणि मी विजेची किटली लावली. इन्व्हर्टर दोनदा कुईं केला आणि काळोख. पाण्याचा पंपही त्याच बॅटरीवर, हे मला कोण सांगणार? पंप बंद म्हणजे फ्लश बंद, आणि आई आत. आतून शांतपणे आवाज आला, "पाण्याची बाटली दे गं." ज्या गोष्टीसाठी दिवसाला साडेनऊ हजार मोजत होते, ती शेवटी बाटलीवर आली. दादांनी इंजिन चालू ठेवून बॅटरी भरली. तेव्हापासून चहा फक्त गॅसवर.

कराडला प्रीतिसंगमावर दहा मिनिटं थांबलो आणि पलूसवरून तासगावकडे निघालो, मामेभावाच्या मळ्यात. फेब्रुवारी अखेर, रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा असेल तर नशीब. वाटेत मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेखालच्या एका भुयारी रस्त्याला आडवा लोखंडी बार होता. मी विचारलं, "दादा, उंची किती आपली?" "नऊ फूट, ताई." मूळ गाडी नऊ फूट असेलही. टपावरचा एसी कुणी मोजला होता? कर्रर्र आवाज आला आणि एसीच्या झाकणाला वीतभर तडा गेला. याचे चार हजार परतताना अनामतीतून कापले. कागदावर उंची लिहून द्या, हे मी आधी का मागितलं नाही म्हणून स्वतःवर चिडले, आणि त्यांनी का दिली नाही म्हणून त्यांच्यावरही.

मळ्यात जागा भरपूर, पण विजेचं वेगळंच. शेतीची लाईट आठ तास आणि त्या आठवड्यात पाळी रात्रीची. दुपारी पत्र्यासारखी तापलेली गाडी आणि एसी मुका. मग दुपार बेदाण्याच्या शेडमध्ये काढली. जाळीचे मजल्यावर मजले, त्यावर पोटॅशच्या पाण्यातून काढलेली द्राक्षं पसरलेली, वारा आरपार. पंधराएक दिवसांत बेदाणा होतो, चार किलो द्राक्षांचा एक किलो. आई खुर्ची टाकून तिथेच बसली आणि भावाच्या नातवंडांना हाताखाली घेऊन काड्या निवडायला लागली. टाकीची बॅग भावाने स्वतः घरामागच्या संडासात रिकामी केली, मला हात लावू दिला नाही. त्यावर मी काय बोलू?

सांगलीला आईची कन्याशाळेतली मैत्रीण. लग्न होऊन गावभागात आली ती तिथलीच झाली. नऊ वर्षांनी भेटणार होत्या. मावशींच्या घराच्या तळमजल्यावर भिंतीला पुराच्या पाण्याच्या दोन रेघा आहेत: खालची २००५ची, तिच्यावर पुरुषाच्या कमरेएवढ्या अंतरावर २०१९ची. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलापाशी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. तेव्हापासून मावशींनी सगळा संसार वर नेला. खाली फक्त सायकल आणि रिकामी कोठी. आणि वर जाणारा जिना जुना, लाकडी, शिडीसारखा उभा, धरायला एक दोर.

आईने जिन्याकडे बघितलं, मावशींनी आईकडे बघितलं.

"मी येते खाली," मावशी म्हणाल्या.

गाडी जवळच्या एका वखारीच्या आवारात होती. मावशी भडंगाचा डबा, पातळ पांघरूण आणि गोळ्यांची पिशवी घेऊन आल्या. पाटावर पाय ठेवून बघितला, म्हणाल्या, "हे बरं केलंस." रात्री साडेनऊला मला निरोप मिळाला की, तू वर माझ्या खोलीत झोप, चावी दाराला आहे. म्हणजे घरमालकीण गाडीत आणि मी तिच्या पलंगावर. मामीला हे कळलं असतं तर?

सकाळी चहा घेऊन गेले तर दार आतून लावलेलं आणि आत दोघी हसतायत. दार उघडलं तेव्हा मावशींच्या हातात तांब्या.

"तुझं ते फ्लशचं बटण रात्री दोघींना सापडेना," त्या म्हणाल्या. "मग म्हटलं, तांब्या काय वाईट आहे?"