जनावरांचा बाजार मोडणार का? तुम्ही विचारलंत म्हणून

जनावरांच्या दवाखान्यातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी लग्नात, दहाव्याला, एसटीत कुणीतरी गाठतंच. "डॉक्टर, आता गाई-म्हशी मोबाईलवर विकायला लागल्या. आपले जनावरांचे आठवडी बाजार टिकतील का हो?" विचारणाऱ्याने उत्तर मनाशी ठरवलेलं असतं. मोबाईलने एवढी दुकानं बसवली, बाजार कोण लागून गेला! मी नुसतं "बघू" म्हणून सुटका करून घ्यायचो. आता सविस्तरच सांगतो.

सांगोल्याचा रविवार, बेल्ह्याचा सोमवार, काष्टीचा शनिवार, घोडेगावचा म्हशींचा बाजार. हे बाजार ज्यांनी पाहिलेत त्यांना ठाऊक आहे, की कांद्याचा लिलाव चारचौघांत होतो, पण बैलाचा भाव अजूनही टॉवेलखाली ठरतो. व्यापारी आधी खोंडाचा ओठ वर करून दात बघतो. आदत आहे (म्हणजे दुधाचेच दात), दोन दाती आहे की जुळलाय (म्हणजे सगळे दात आलेले), यावर निम्मा भाव ठरला. मग खांदा दाबायचा, चार पावलं चालवून खूर बघायचे, पाठीवरून हात फिरवायचा. एवढं झालं की दलाल मालकाचा हात धरतो, वर टॉवेल पडतो आणि आत बोटं चालू. हजारात बोलायचं की शेकड्यात, हे दोघांना न बोलता कळतं. मालक हात झटकून मागे सरतो, दलाल पुन्हा ओढून आणतो. शेजारी उभ्या असलेल्याला काय ठरलं याचा पत्ता नाही. शेतकऱ्याच्या बाजूने बघाल तर ही पद्धत काही फार न्यायाची नाही. दलाल दोन्हीकडून खातो आणि नवख्याला तर धुवूनच काढतो. त्यामुळे बाजाराच्या आठवणींनी माझे डोळे वगैरे भरून येत नाहीत.

तरी त्या रिंगणात एक गोष्ट मिळते, ती घरी बसून मिळत नाही. आजूबाजूला तशीच वीस जनावरं उभी असतात. आपलं जनावर त्यांत कुठे बसतं, हे मालकाला आपोआप उमगतं. बांधावर आलेल्या एकट्या व्यापाऱ्यासमोर ते उमगत नाही. आणि सौदा झाला की बाजार समितीची पावती होते. जनावर कुणाचं, कुणी घेतलं, कधी घेतलं. रस्त्यात गाडी अडली तर दाखवायला तोच एक कागद. मोबाईलवरच्या सौद्यात बहुतेक वेळा तो नसतो.

मोबाईलची बाजू नाकारण्यात मात्र अर्थ नाही. २०२२ च्या सप्टेंबरात लम्पी या गुरांच्या त्वचारोगाने थैमान घातलं, सरकारने बाजार बंद केले, गोवंशाची ने-आण थांबवली. त्याआधी कोरोनात कुलूप लागलेलंच होतं. त्या काळात लोक व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ टाकून विकायला शिकले ते शिकलेच. चांगली दुभती म्हैस, पहिलारू गाभण कालवड, शर्यतीचा खोंड आता बाजारापर्यंत येतच नाही, दावणीवरूनच जातो. शर्यतीच्या बैलांचं तर बोलूच नका. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली, मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा कायम केला, तेव्हापासून जातिवंत खिल्लार खोंडाचे भाव सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेले. व्हिडिओत फसगत होते हे खरं. दोन वेळा पिळलीच नाही तर कुठल्याही गाईची कास भरलेली दिसणार. म्हैस अंग, म्हणजे गर्भाशयाचा भाग, बाहेर काढते का, एखादा सड बंद आहे का, हे व्हिडिओत कोण दाखवतो? पण बाजारात तरी कुठे दाखवतात! आदल्या दिवसापासून दूध तुंबवलेली जनावरं मी बाजारात ढिगाने तपासली आहेत.

म्हणजे चांगलं जनावर बाजार सोडून चाललंय. बाजार त्याने कमजोर होईल, मोडणार नाही. कारण बाजार उभा होता तो नको असलेल्या जनावरावर.

शेतकऱ्याचा हिशेब सरळ होता. बैल आठ-दहा वर्षं राबला, थकला, की तो विकायचा, वर थोडी भर घालायची आणि नवा खोंड आणायचा. भाकड, म्हणजे दूध आटलेली गाय विकून कालवड आणायची. दुष्काळाच्या साली वैरण संपली की एक जनावर विकून बाकीची जगवायची. हे फिरणारं चाक होतं आणि त्याला शेवटी एक घेणारा होता. तो कोण, याविषयी गावात मोठ्याने बोलायचं नाही, एवढाच संकेत. विकणारा बैलाच्या कपाळाला हात लावून पाठ फिरवायचा आणि पुन्हा वळून बघायचा नाही.

राज्यात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याची. २०१५ च्या मार्चपासून त्यात बैल आणि वळूही आले. कायदा बरा की वाईट यात मी शिरत नाही, मला बाजाराचं विचारलंत. बाजारात झालं ते असं, की थकलेल्या बैलाचा भाव जो खाली जाऊन कुठेतरी थांबायचा, तो थांबायची जागाच गेली. २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने आणखी नियम काढले, कत्तलीसाठी बाजारात जनावर विकताच येणार नाही असे. त्यात म्हशीही आल्या. न्यायालयात ते अडकले, पुढे बदललेही, पण व्यापाऱ्याच्या मनात बसलेली धास्ती कोण काढणार? मग गोरक्षक म्हणवून रस्त्यावर गाड्या अडवणारे आले. पावती असली तरी गाडी अडते, म्हैस असली तरी अडते. २०२५ च्या जुलैत राज्यभरातल्या कुरेशी, म्हणजे मांसासाठी जनावरं घेणाऱ्या समाजातल्या व्यापाऱ्यांनी जनावरं घेणंच थांबवलं, तेव्हा बाजार कशावर चालतो हे उघड्यावर आलं. राज्याची गोहत्याबंदी म्हशींना लागू नसताना म्हशीही पडून राहिल्या. शेतकरी जनावरं घेऊन आले आणि तीच घेऊन परत गेले. जायचं-यायचं टेम्पोभाडं अंगावर.

तुम्ही म्हणाल, बैल तसेही कमीच झालेत. झालेत खरे. देशात २०१२ च्या पशुगणनेत गोवंशातले नर पावणेसात कोटींच्या आसपास होते, २०१९ मध्ये ते पावणेपाच कोटींवर आले. माद्या त्याच काळात अठरा टक्क्यांनी वाढल्या. ट्रॅक्टर आला हे एक कारण. दुसरं कारण गोठ्यात काम करणाऱ्यांना विचारा. होल्स्टिन या विलायती जातीच्या गाईला गोऱ्हा झाला तर त्याला दूध पाजायचं कुणी आणि कशासाठी? वशिंड नाही, त्यामुळे जू नीट बसत नाही, ऊन सोसत नाही, विकायला जावं तर फुकट न्यायलाही कुणी तयार नाही. पुढे त्याचं काय होतं ते मी नोकरीत पुरेसं पाहिलंय, इथे लिहीत नाही. आता माद्याच व्हाव्यात म्हणून लिंगनिश्चित रेतन आलंय. त्याने गोऱ्हे कमी होतील, भाकड गाई कशा कमी होणार?

"गोशाळेत द्या" हे उत्तर शहरातून फार येतं. २०२४ मध्ये सरकारने गोशाळेतल्या देशी गाईला दिवसाला पन्नास रुपये अनुदान ठरवलं. गोशाळेला मिळतं ते. शेतकऱ्याच्या दावणीला भाकड गाय उभी असेल तर एक रुपया नाही, आणि त्याच्या दावणीला असते ती बहुतेकदा संकरित, जी यात बसतच नाही.

शेळ्या-मेंढ्यांचा बाजार मात्र या सगळ्यातून बाजूला राहिला. तिथे घेणारा ठरलेला आहे, त्यामुळे भाव आहे आणि सकाळी गर्दीही आहे. बऱ्याच आवारांत एका कोपऱ्यात गाई-बैलांची चार दावी आणि बाकी सगळी बकरी, असं चित्र दिसतं. समितीला फी मिळते, तिचं भागतं.

तेव्हा माझं उत्तर असं. आवारं राहतील, पाट्याही राहतील. त्यांतला बैलबाजार आणि भाकड जनावरांचा बाजार पुढच्या काही वर्षांत बसेल, आणि बसला तर तो अडवलेल्या गाड्यांमुळे बसेल. त्यावर करण्यासारखं काही नाही असं नाही. जून २०२४ पासून कानात बिल्ला असल्याशिवाय जनावर बाजारात आणता येत नाही. बारा अंकी नंबर आहे त्यावर. सौदा झाला की तोच नंबर पावतीवर घालून आवारातच मालकाचं नाव बदलून द्या, आणि ती पावती असलेली गाडी अडवायचा अधिकार पोलीस आणि सरकारने नेमलेला माणूस यांच्याशिवाय कुणाला नाही, हे पोलिसांनीच रस्त्यावर उभं राहून दाखवावं. जोडीला सावली, पाण्याचा हौद आणि जनावर गाडीत चढवायला उतरता ओटा. फी घेता तर एवढं द्या.

आणि तुमच्या गोठ्यात विकायला काही असेल तर, म्हणजे खरा प्रश्न बहुतेकदा तोच असतो, दुभतं असेल तर बाजाराला नेऊ नका. गिऱ्हाईक घरी बोलवा, संध्याकाळ-सकाळ दोन्ही वेळचं दूध त्याच्यासमोर काढून दाखवा, बिल्ल्याचा नंबर घालून कागद करा आणि विसारावर दावं सोडू नका, पुरते पैसे मोजून घ्या. भाकड असेल तर गिऱ्हाईक घरी येत नाही. त्याला बाजारच लागतो.