ताम्हिणीच्या चढावर बंद पडलेली गाडी आणि पेट्रोलवर घेतलेला खोटा आळ

पुण्याहून ताम्हिणीमार्गे श्रीवर्धनला जाऊन आलो. समुद्रकिनाऱ्यावरचे दोन दिवस उत्तम गेले. लिहायचे आहे ते जाताना पिरंगुटला आणि येताना घाटात जे घडले त्याबद्दल, कारण पेट्रोल भरल्यावर ज्यांची गाडी थरथरते त्यांच्यापैकी अनेकांना माझ्यासारखेच चुकीचे निदान विकले जात असणार, अशी माझी खात्री झाली आहे.

चांदणी चौक ओलांडल्यावर टाकी पूर्ण भरली. पंपावरून निघताना इंजिन दोनदा स्टार्टर मारूनही चालू होईना, तिसऱ्यांदा झाले. भूगावच्या कोंडीत गाडी उभी राहिली की एरवी साडेसातशेला स्थिर असणारा आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा पाचशे ते हजारच्या मध्ये हेलकावे खाई, गाडी मिसिंग मारी, म्हणजे इंजिन मध्येच झटके खाई, आणि पेट्रोलचा वास येई. मात्र वेग घेतला की सगळे सुरळीत. पिरंगुटच्या एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडण्याआधीच निकाल मिळाला : ‘पेट्रोलमध्ये पाणी आहे, हल्ली इथेनॉलमुळे असंच होतं.’ टाकी रिकामी करणे, इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी साफ करणे यात तीन तास गेले आणि ४,६०० रुपये घेतले. काढलेले तीस लिटरहून अधिक पेट्रोलही ‘खराब’ म्हणून त्याने ठेवून घेतले. त्यानंतर दहा लिटर भरले आणि गाडी व्यवस्थित चालली, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला. ही माझी चूक मला सर्वांत जास्त महागात पडली.

परतताना माणगावला मी मुद्दाम फिल्टर पेपरची चाचणी मागितली, म्हणजे कागदावर पेट्रोलचा थेंब टाकून भेसळ ओळखायची. प्रत्येक पंपावर ती मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. थेंब उडून गेला, डाग राहिला नाही. मग टाकी पूर्ण भरून घेतली आणि नोझल आपोआप बंद झाल्यावरही ‘राउंड फिगर’साठी आणखी भरू दिले. गाडी पुन्हा तशीच थरथरू लागली. निजामपूर, विळे मागे पडले तरी थरथर थांबली नाही आणि घाटातल्या एका तीव्र वळणावर, चढावर, मागे एसटी असताना इंजिन बंद पडले. इंजिन बंद झाले की ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखे घट्ट होतात आणि स्टीअरिंग जड होते. म्हणून अशा वेळी पहिल्याच दाबात ब्रेक धरून ठेवावा आणि लगेच हँडब्रेक ओढावा. त्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नव्हती. माथ्यापर्यंत गाडी आणखी दोनदा बंद पडली. ज्यांना आपल्या गाडीत हे लक्षण आधीच दिसले आहे, त्यांनी टाकी पूर्ण भरून ताम्हिणी चढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा दोष पुण्यात, आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने दहा मिनिटांत दाखवला. टाकीत पेट्रोल शिरते तेव्हा आतली वाफ बाहेर ढकलली जाते. ती कोळशाच्या डब्यात, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये साठते आणि पुढे पर्ज व्हॉल्व्हमधून थोडी थोडी इंजिनात ओढून जाळली जाते. हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला, तर टाकी भरल्याबरोबर सगळी वाफ इंजिनात शिरते, आणि आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, हवा कमी लागत असल्यामुळे तिथेच हवा-पेट्रोलचे मिश्रण बिघडते. दहा लिटर भरल्यावर वाफ कमी निघाली, म्हणून पिरंगुटची ‘दुरुस्ती’ यशस्वी भासली. माणगावला जास्तीचे पेट्रोल कॅनिस्टरमध्येच उतरले, म्हणून त्रास घाटापर्यंत टिकला.

भेसळीचा किंवा पाण्याचा त्रास टाकीतले पेट्रोल संपेपर्यंत राहतो आणि चढावर, ओझ्याखाली अधिक जाणवतो. भरल्यानंतर सुरू होऊन काही वेळाने निवळणारा आणि केवळ आयडललाच जाणवणारा त्रास असेल, तर आधी व्हॉल्व्ह पाहावा. तपासणी सोपी आहे : व्हॉल्व्हचा विजेचा प्लग काढावा, इंजिन चालू ठेवून कॅनिस्टरकडून येणारा पाइप सोडवावा आणि व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट ठेवावे. प्लग काढलेला व्हॉल्व्ह बंदच असायला हवा. बोट ओढले गेले, तर तो गळतो आहे. इंजिनाकडचा पाइप पकडीने दाबल्यावर काटा स्थिर झाला, तर शंकाच उरत नाही. आसपास सिगारेट नको, आणि व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये. वाटेतच गाडी चालू होईना झाली, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारावा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत त्यामुळे पेट्रोलचा पुरवठा थांबतो आणि साचलेली वाफ निघून जाते.

नाना पेठेत व्हॉल्व्ह १,६५० रुपयांना मिळाला, बसवण्याचे २०० झाले. कॅनिस्टर वाळला, बदलावा लागला नाही. त्याच संध्याकाळी मुद्दाम टाकी पूर्ण भरली, नोझल पहिल्यांदा थांबले तिथेच थांबवले, आणि पंपावरच पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून काट्याकडे पाहत बसलो. तो साडेसातशेवरून हलला नाही.