दाढी वाढायची वाट बघतोय

छंद म्हणून दाढी करतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग हळूच माझ्या हनुवटीकडे बघतो. बघेना का. मी यात पडलो तो हौसेनं नाही, गळ्यापायी. सकाळी दाढी केली की संध्याकाळपर्यंत गळ्यावर लाल पुटकुळ्या उठायच्या, कॉलर घासली की चुरचुरायचं, आणि काही केस तर कातडीखालीच वळून बसायचे. कार्ट्रिज बदललं, जेल बदललं, भारीतलं आफ्टरशेव्ह आणलं. फरक शून्य.

मग कारण वाचनात आलं. अनेक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पुढचं पातं केसाला धरून किंचित वर ओढतं आणि मागचं त्याला छाटतं. छाटलेला केस मागे सरकतो, तो कातडीच्या पातळीखाली जातो. ज्याचे केस मऊ आणि सरळ, त्याला याचं काही वाटत नाही. ज्याचे राठ आणि कुरळे, त्याच्या केसाचं टोक वर येताना वाट चुकतं आणि कातडीतच शिरतं. शिवाय पाच पात्यांचा एक हात म्हणजे कातडीवरून पाच धारा गेल्या, हा हिशोब मी कधी केलाच नव्हता. १९७१ साली दोन पात्यांचं कार्ट्रिज बाजारात आलं, १९९८ ला तीन पात्यांचं, २००३ ला चार, २००६ ला पाच. माझ्या गळ्याला एकच पुरेसं होतं.

म्हणून एक सेफ्टी रेझर, दुधारी ब्लेडचं पाकीट, ब्रश आणि साबणाची वडी एवढंच आणलं. गळा शांत झाला की विषय संपला, असा बेत होता.

सगळ्यात आधी मोडावी लागते ती दाबायची सवय. कार्ट्रिजची मान लवचिक असते, ती गालाच्या उंचसखल भागावर आपली आपण वळते, त्यामुळे आपण बिनधास्त दाबतो. सेफ्टी रेझरला मान नाही. कोन आपणच धरायचा आणि जोर अजिबात लावायचा नाही. नवशिक्यांना बहुतेक जण सुचवतात तो मर्कुर ३४सी हा सेफ्टी रेझर पाऊणशे ग्रॅमच्या आसपास भरतो. केस कापायला तेवढं वजन पुरतं. मूठ करून धरलं की जोर येतोच, म्हणून दांडा टोकाशी, बोटांच्या पेरांत धरायचा. कोन सापडायची युक्ती सोपी आहे. रेझरचं डोकं गालावर सपाट टेकवायचं, म्हणजे दांडा गालापासून सरळ बाहेर येतो. मग छोटे हात मारत दांडा हळूहळू खाली आणायचा. एका ठिकाणी खसखस असा आवाज सुरू होतो. ब्लेड आणि कातडी यांत तेव्हा साधारण ३० अंशांचा कोन असतो. पुढे अंश वगैरे विसरायचे, कान देऊन दाढी करायची. कोन बिघडला की आवाज बसतो. बाथरूममध्ये गाणी लावायची माझी सवय यापायी सुटली.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःच्या दाढीची दिशा. आपल्याला वाटतं की ती वरून खाली वाढते. गालावर वाढतेही. दोन दिवस दाढी वाढू दिली आणि बोटांची टोकं चारी बाजूंनी फिरवून पाहिली: ज्या दिशेला गुळगुळीत लागतं ती सुलटी, जिथे खरखरतं ती उलटी. कागदावर चेहऱ्याचा आराखडा काढून बाण मारत गेलो. गळ्याच्या खालच्या निम्म्या भागात बाण वर निघाले. म्हणजे इतकी वर्षं पहिला हात सुलटा म्हणून जो मारत होतो, तो तिथे उलटा पडत होता. डाव्या जबड्याच्या हाडाखाली तर चक्क भोवरा आहे, बाण गोल फिरतात. आरशात रोज दिसणाऱ्या चेहऱ्याबद्दल आपल्याला किती कमी ठाऊक असतं!

आता फेस. यावर मी वाटेल तितका वेळ बोलू शकतो, तेव्हा सांभाळून घ्या. डब्यातून फुस्सकन निघतो त्या फेसात बरीचशी हवाच असते. साबणाचा फेस घडवावा लागतो. ब्रश भिजवायचा, झटकायचा आणि वडीवर अर्धा मिनिट तरी गोल फिरवत राहायचा. आधी मोठे बुडबुडे येतात, त्यांना भुलायचं नाही. थोड्या वेळानं ब्रशच्या टोकांना दाट, चिकट लगदा धरतो. हा कच्चा माल. तो वाटीत किंवा थेट गालावर घ्यायचा आणि थेंब थेंब पाणी देत घोटायचा. सुरुवातीला फेस निस्तेज दिसतो, ब्रश उचलला की टोक ताठ उभं राहतं. फोटोत हाच फेस छान दिसतो, पण दाढीला हा कोरडा पडतो. आणखी थेंब द्यायचे. फेस फुगतो, मग जरा बसतो, टोक वाकायला लागतं, आणि पृष्ठभागावर नुकत्याच मारलेल्या ऑइलपेंटसारखी ओली चमक येते. तिथे थांबायचं. खात्री करायची तर चिमूटभर फेस अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन दाबून घासायचा. बोटं अडखळली तर अजून पाणी हवं, सर्रकन घसरली तर झालं. फेस जितका जाड तितका चांगला, असं बरेच जण मानतात. मला ते पटत नाही. ब्लेड घसरायला ओल लागते, नुसता जाडपणा कामाचा नाही.

आणि इथेच माझं घोडं बराच काळ अडलं होतं. वाटीत झकास दिसणारा फेस गालावर दोन मिनिटांत विरून जायचा, मागे पांढरट साय राहायची. साबण बदलला तरी तेच. दोष नळाच्या पाण्याचा निघाला. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या मेदाम्लांना धरतात आणि न विरघळणारा साका करतात; म्हणजे साबणाचा काही भाग फेस व्हायच्या आधीच फुकट जातो. हे तपासायला एकदा डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणली आणि तोच साबण, तोच ब्रश घेऊन फेस केला. वाटी भरून वाहिली. उपाय त्यावरून सुचला: जड पाण्यात ब्रशवर साबण दुप्पट घ्यायचा, आणि साबण निवडताना घटकांच्या यादीत ईडीटीए आहे का ते पाहायचं, कारण ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं आणि सोडियमच्या जोडीला पोटॅशियमचं अल्कली वापरलेलं असतं. दाट, टिकाऊ फेस त्यामुळे येतो. अंगाच्या साबणावर ब्रश घासून हे जमत नाही.

प्रत्यक्ष दाढी तीन फेऱ्यांत होते. पहिली सुलटी, दुसरी आडवी, तिसरी उलटी, आणि दर फेरीआधी नवा फेस. एकाच फेरीत सगळं साफ करायचा हट्ट सोडला की निम्मा त्रास जातो. दर फेरीत दाढी फक्त कमी करायची. गळ्यावर मी तिसरी फेरी अजूनही बऱ्याचदा टाळतो. तिथे थोडी खरखर राहिली तर आभाळ कोसळत नाही.

शेवटी थंड पाणी आणि तुरटी. तुरटीचा खडा ओल्या चेहऱ्यावर फिरवला की ती सगळी चुगली करते. जिथे झोंबते तिथे दाबलं होतं, किंवा फेस नसलेल्या जागी पुन्हा हात मारला होता. सुरुवातीला माझा अख्खा गळा पेटायचा. हळूहळू आग हनुवटीपुरती उरली, मग तीही गेली. पुटकुळ्या तर कधीच थांबल्या होत्या. बेताप्रमाणे इथे विषय संपायला हवा होता.

पण गंमत अशी की इथे प्रत्येक गोष्ट सुटी आहे. रेझर, ब्लेड, साबण, ब्रश, पाणी, कोन. यातली एक बदला, बाकी सगळ्या तशाच ठेवा, आणि वीस मिनिटांत निकाल आपल्याच गालावर हात फिरवून घ्या. आज काय बदलायचं, हा प्रश्न डोक्यात घेऊन मी उठायला लागलो. वही घातली. ब्लेड कोणती, कितव्यांदा वापरली, कुठे झोंबलं, कुठे राहिली. ब्लेडचे नमुने मागवले. फेदर नावाची ब्लेड फार धारदार, म्हणून ती मी सौम्य रेझरमध्येच लावतो. अॅस्ट्राची हिरव्या पाकिटातली माझ्या राठ खुंटांना आणि माझ्या हाताला सर्वांत मानवली. दुसऱ्याला मानवेल ती आपल्याला मानवेलच असं नाही, त्यामुळे इथे कुणाचा सल्ला चालत नाही, स्वतःच पाहावं लागतं. नाद लागायला आणखी काय हवं!

ब्लेड बोथट का होते, हा प्रश्नही मग छळायला लागला. पोलाद इतकं कठीण आणि केस त्याच्या जवळपास पन्नास पट मऊ, तरी धार जाते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून पाहिल्यासारखंच केलं. धार नुसती घासून गोल होत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस कापला जाताना वाकला, आणि नेमका धारेवरच्या कच्च्या जागेपाशी आला, की ताण तिथे एकवटतो आणि तुकडा निघतो. दाढीआधी केस चांगले भिजवायचा माझा कंटाळा हे वाचल्यावर पळाला. भिजलेला केस कापायला जोर कमी लागतो, हे तर कुठल्याही ब्लेडच्या दुसऱ्या फेरीत कळतं.

ब्रशचं थोडक्यात सांगतो. बॅजर या प्राण्याच्या केसांचा मऊ, पाणी धरून ठेवणारा. डुकराच्या केसांचा आधी राठ आणि वासाचा, पण वापरून टोकं फाटली की फार गुणी होतो. सिंथेटिक भिजवावा लागत नाही आणि चटकन वाळतो. एकच घ्यायचा तर सिंथेटिक घ्या. माझ्याकडे तिन्ही आहेत.

खरा घोळ जुन्या रेझरांनी केला. जुन्या वस्तूंच्या ढिगातून जिलेटचा एक ॲडजस्टेबल माझ्या हाती आला. डोक्याखाली 'जे ३' असा शिक्का, म्हणजे १९६४ सालची तिसरी तिमाही. दोन झाकणं फुलपाखरासारखी उघडतात, त्यांच्या बिजागऱ्यांत साठ वर्षांचा साबण दगड होऊन बसला होता. कोमट पाणी आणि भांड्याचा लिक्विड सोप यात तो रात्रभर ठेवला, मग जुन्या टूथब्रशनं घासला, खिळखिळा होईल म्हणून जोर लावला नाही. खालून निकेल चकाकत वर आलं. मानेवर १ ते ९ आकड्यांची चकती, आकडा वाढला की ब्लेड जास्त उघडी पडते. चकती फिरवण्याआधी बुडाची खुंटी किंचित सैल करायची, म्हणजे यंत्रणेवर ताण येत नाही. गालाला ५, गळ्याला ३. हे जमल्यावर मी नव्या रेझरांकडे काही महिने बघितलंच नाही.

किंग कॅम्प जिलेटनं पातळ पत्र्याच्या, वापरून फेकायच्या ब्लेडचा रेझर १९०३ मध्ये विकायला काढला, त्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपली, पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. त्या काळच्या रेझरना ब्लेड धरायला तीन खुंट्या असत. आजच्या ब्लेडच्या मधल्या खाचेचा आकार असा आहे की ती त्या रेझरांतही बसते. शंभर वर्षांपूर्वीच्या किती यंत्रांचा सुटा भाग आज नवा कोरा मिळतो?

हा प्रकार स्वस्त पडतो, असं सगळे सांगतात. एक रेझर, एक ब्रश, एक साबण घेऊन जो थांबतो त्याला पडतो. असा माणूस मला अजून भेटलेला नाही. या नादातले लोक रेझर जमवायच्या खाजेला आजाराचं नाव देतात आणि स्वतःला तो झाल्याचं अभिमानानं सांगतात. अडचण वेगळीच आहे. साबणाची एक वडी महिनोन्महिने पुरते, ब्लेडचं एक मोठं खोकं वर्षभर. चेहरा मात्र एकच, आणि दाढी वाढते दिवसाला मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. कपाटातला साबण संपवायला मला दुसरा जन्म लागेल. सकाळी गुळगुळीत झालेल्या गालावरून संध्याकाळी हात फिरवून खुंट आलेत का बघणारा माणूस वेडाच म्हणायचा, पण मी तो आहे. "बाबा, अजून किती वेळ?" हे बाथरूमच्या दाराबाहेरून रोज ऐकू येतं, म्हणून आता दाढी रात्री करतो.

वस्तऱ्याकडे गेलो नाही. तो चामड्यावर परजायचा, दगडावर लावायचा, हा अजून एक छंद आहे आणि मला स्वतःची ओळख आहे. जबड्याखालचा भोवरा मात्र अजून दाद देत नाही. कातडी कानाच्या दिशेनं ताणून, रेझर तिरका धरून, दोन बाजूंनी आडवी फेरी मारून पाहिली, तरी बोटाला एक ठिपका लागतोच. राठ खुंटांसाठी स्लँट रेझर चांगला म्हणतात, त्यात ब्लेड तिरपी धरलेली असते आणि केस सरळ न कापता तासला जातो. मर्कुर ३७सी पाहून ठेवलाय. घरी सांगितलं, तर कपाटात जागा नाही असं उत्तर आलं. ब्लेडखाली कंगव्यासारखे दाते असलेला एक 'ओपन कोम' रेझर मित्राला देऊन टाकलाय, म्हणजे तेवढी जागा झाली.