मधली ४७ मिनिटं

कॅमेऱ्यात दिसत होतं ते एवढंच. पहाटेचा अंधार, गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली एक मुलगी, डोक्यावरून ओढणी. रिक्षा येऊन थांबते, मुलगी आत बसते, रिक्षा जाते. कोपऱ्यात वेळ ४.३०. दुसऱ्या क्लिपमध्ये तीच रिक्षा एसटी स्टँडकडून रिकामी परत येताना. वेळ ५.१७. गल्ली ते स्टँड रिक्षानं सात-आठ मिनिटांचा रस्ता. मग मधल्या ४७ मिनिटांत काय झालं?

या एका प्रश्नावर आमच्या तालुक्यात रात्रीत शेकडो तपास अधिकारी तयार झाले.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात महिला हवालदार आहे. मिसिंगचं काम माझ्याकडे असतं. त्या मुलीची, तिच्या घराची, गावाची ओळख पटेल असं काहीही मी इथे लिहिणार नाही. मुलगी चोवीस वर्षांची होती, सज्ञान, एवढं पुरे.

सकाळी आठच्या सुमाराला वडील आणि भाऊ ठाण्यात आले. चोवीस तास थांबा असं पोलीस सांगतात, अशी लोकांची पक्की समजूत आहे. असा काही नियम नाही. आम्ही लगेच मनुष्य मिसिंग दाखल केली, फोटो घेतला, सगळीकडे बिनतारी संदेश पाठवला, सीडीआरसाठी, म्हणजे तिच्या फोनच्या कॉल नोंदींसाठी, पत्र तयार केलं. मुलगी अठराच्या आतली असती तर अपहरणाचा गुन्हाच दाखल झाला असता. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच तसं सांगितलंय. सज्ञान माणसाचं तसं नसतं. ते स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मर्जीनं गेलेलं असू शकतं आणि तसं जायचा त्याला अधिकार आहे. ही गोष्ट घरच्यांना समजावणं या कामातलं सगळ्यात अवघड काम.

भावानं दुपारी तिचा फोटो आणि स्वतःचा नंबर टाकून सगळ्या ग्रुपवर मेसेज फिरवला. त्यात त्याचं काही चुकलं नाही. असे फोटो फिरल्यामुळे सापडलेली माणसं मी पाहिली आहेत. विसरायचा आजार झालेले एक आजोबा कुर्डुवाडी स्टेशनवरच्या एका चहावाल्यानं असाच मेसेज बघून ओळखले होते. फोटो बघायचा, माणूस दिसला तर कळवायचं, तेवढ्यावर थांबलं की त्याचा उपयोगच होतो. पण संध्याकाळी कुणाच्या तरी मोबाइलवरून त्या दोन क्लिप बाहेर गेल्या आणि शोध बाजूला राहून खटला सुरू झाला.

एकानं नकाशावर बाण काढून दाखवलं की ४७ मिनिटांत कॅनॉलपर्यंत जाऊन परत येता येतं. दुसऱ्यानं रिक्षा मोठी करून मागच्या बाजूला लटकणारी दोरी लाल गोलात दाखवली. पावसाचा पडदा बांधायची दोरी होती ती, स्टँडवरच्या कुठल्याही रिक्षाला असते. घरातून कपडे नेले नाहीत म्हणजे मुलगी परत येणार होती, म्हणजे घातच झाला, असं एका बाईनं तावातावानं मांडलं. कपडे नेले नाहीत हे तिला कसं कळलं, तर भावाशी फोनवर गोड बोलून. एका चॅनेलवाल्यानं या सगळ्याचा मिळून व्हिडिओ केला आणि वर रिक्षाचा नंबर दिला, स्पष्ट दिसेल असा. खाली कमेंटमध्ये एक गट म्हणत होता रिक्षावाला, दुसरा म्हणत होता बापानंच संपवली, रिक्षावाला फक्त साथीदार. मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीला दूध घालायला गेले तर रांगेतली माणसं बाजूला सरकली. हे त्यांनी मला मान खाली घालून सांगितलं.

आता त्या ४७ मिनिटांचं सांगते. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे, पहिला कॅमेरा त्याचा. फुटेज घ्यायला गेलं की आमचं पहिलं काम रेकॉर्डिंग बघायचं नसतं. डीव्हीआरच्या, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याच्या, स्क्रीनवरची वेळ आणि आपल्या मोबाइलवरची वेळ शेजारी शेजारी धरून फोटो काढायचा आणि फरक पंचनाम्यात लिहायचा, हे पहिलं काम. त्या दुकानातलं घड्याळ ३५ मिनिटं मागं होतं. आतला सेल संपलेला असला की काही डीव्हीआरमध्ये लाईट गेल्यावर घड्याळ तिथंच थांबतं आणि लाईट आली की तिथूनच पुढं चालू होतं. दुकानदाराला त्याचा पत्ताही नव्हता, कारण चोरी झाल्याशिवाय कुणी ते बघत नाही. स्टँडजवळच्या मेडिकलमधलं घड्याळ मात्र बरोबर होतं. म्हणजे मुलगी रिक्षात बसली ती ५.०५ ला, आणि रिकामी रिक्षा मेडिकलसमोरून परत गेली ५.१७ ला. जायला सात-आठ मिनिटं, उतरवून पैसे घ्यायला एखाद-दोन, रिक्षा वळवून परत. हिशेब पुरा. मधे कॅनॉल नाही, दोरी नाही, काही नाही.

हे आम्हाला पहिल्या दिवशी दुपारीच माहीत होतं. रिक्षावाल्याचा जबाबही तेव्हाच झाला होता. पन्नाशीचा माणूस, स्टँडवर सगळे मामा म्हणतात. पुण्याच्या गाडीपाशी सोडलं, चाळीस रुपये घेतले, एवढंच त्यांनी सांगितलं आणि ते फुटेजशी जुळत होतं.

मग जाहीर का केलं नाही, असं लोक आजही मला विचारतात. पुण्याची गाडी म्हटलं असतं तर तासाभरात पुण्यातली शंभर माणसं स्वारगेटला कॅमेरा घेऊन उभी राहिली असती, तिच्या इच्छेविरुद्ध. दुसरं असं की आमच्याकडे एक गोष्ट होती जी आम्ही मुद्दाम कुणालाच सांगितली नव्हती. घराची पाहणी करताना तिच्या आईनं लोखंडी कपाट उघडून दाखवलं. कपडे होते, दागिने होते. खालच्या कप्प्यातली निळी प्लॅस्टिकची फाईल मात्र नव्हती. दहावी-बारावीची मार्कलिस्ट, पदवीचं सर्टिफिकेट, जातीचा दाखला, सगळं त्या फाईलमध्ये असायचं. जीव द्यायला जाणारं माणूस मार्कलिस्ट घेऊन जात नाही. कुणाला फसून जाणारी मुलगी आधी दागिने उचलते. फाईल घेऊन जाणारी मुलगी नोकरीला जाते. हे आमच्या साहेबांचं म्हणणं, आणि मला ते तिथल्या तिथे पटलं होतं.

ती फाईल आणखी एका कामाला आली. या प्रकरणात फोनांचा पाऊस पडला होता. कुणी तिला शिर्डीत पाहिलं, कुणी गाणगापुरात, एका ज्योतिषानं दक्षिण दिशा आणि पाण्याजवळची जागा सांगितली. प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारायची, तिच्या हातात काय होतं? सगळे म्हणायचे पर्स.

दुसऱ्या दिवशी रात्री मामांच्या वस्तीत गर्दी जमली. पोरं बहुतेक बाहेरची, मोबाइलवर लाइव्ह चालू, शिव्या चालू. साहेब जेवणावरून उठले आणि आम्ही होतो तेवढे सगळे निघालो. गाडीत कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या डोक्यात एकच नाव होतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्यातले बहुतेक आमच्याच जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षा मागायला गेलेली माणसं. मोबाइलवर फिरलेल्या अफवेशिवाय त्यांच्याविरुद्ध काहीही नव्हतं. आमच्या जिल्ह्यातल्या पोलिसाला हे विसरता येत नाही. आम्ही गर्दी पांगवली, मामांना, त्यांच्या बायकोला आणि मुलीला रात्रभर ठाण्यात बसवलं. मुलगी नववीत. वह्या घेऊन आली होती, पण एक पान उलटलं नाही तिनं.

सायबरच्या प्रशिक्षणात आम्हाला अमेरिकेतलं एक प्रकरण सांगितलं होतं, ते त्या रात्री सारखं आठवत होतं. सुनील त्रिपाठी हा ब्राऊन विद्यापीठाचा भारतीय वंशाचा विद्यार्थी १६ मार्च २०१३ ला बेपत्ता झाला. घरच्यांनी त्याला शोधायला फेसबुकवर पान काढलं. १५ एप्रिलला बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, तिथल्या एफबीआय या तपास यंत्रणेनं संशयितांचे धूसर फोटो जाहीर केले, आणि रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या लोकांनी चेहरे जुळवून ठरवलं की हाच तो. मुलाला शोधायला काढलेल्या पानावर इतकं विष आलं की घरच्यांना ते बंद करावं लागलं. २३ एप्रिलला त्याच्या विद्यापीठाच्याच गावात, प्रॉव्हिडन्समध्ये, पाण्यात त्याचा मृतदेह सापडला. बॉम्बशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. रेडिटनं नंतर माफी मागितली. त्याची आई त्या रात्री काय काय वाचत बसली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या लँडलाइनवर फोन आला. अंमलदारानं रिसिव्हर माझ्याकडे दिला. पलीकडे बाईचा आवाज, हळू, घाईघाईचा.

“मॅडम, त्या रिक्षावाल्या मामांनी काही केलेलं नाही. त्यांना सोडा.”

“कोण बोलतंय?”

“तुम्ही जिला शोधताय ती.”

असे दोन फोन आधीही येऊन गेले होते. मी नेहमीचा प्रश्न विचारला. घरातून निघताना हातात काय होतं?

“फाईल,” ती म्हणाली. “निळी. तिचं बटण तुटलंय, म्हणून रबर लावलंय.”

रबराचं आईनंही सांगितलं होतं. मी खुर्चीवर बसले.

तिनं स्वतःचा फोन बंद ठेवला होता. होस्टेलमधल्या एका मुलीच्या मोबाइलवर तिला स्वतःचाच फोटो दिसला होता, खाली लिहिलेलं, “खून झालेली तरुणी”. मग तिनं तो व्हिडिओ पूर्ण पाहिला, कमेंट वाचल्या. वडिलांबद्दलच्या, स्वतःच्या चारित्र्याबद्दलच्या. ते सगळं ती गिळणार होती. पण मामांच्या मुलीला शाळेत कुणीतरी खुन्याची पोरगी म्हटलं, असं एका कमेंटमध्ये होतं. त्यावर तिला राहवेना. जिथं कुणी ओळखत नाही अशी जागा तिनं महत्प्रयासानं मिळवली होती, आणि एका परक्या माणसासाठी ती स्वतःहून सोडत होती. व्हिडिओ करणाऱ्यांपैकी एकाचीही ओळख लपलेली नाही, तरी कुणी कधी पुढं आला नाही. ही लपलेली मुलगी आली.

संध्याकाळी मी आणि एक महिला शिपाई पुण्याला निघालो. तिच्या जवळच्या चौकीत तिला भेटलो, चहा मागवला. जबाब तीन पानं झाला. ती घरातून का गेली, हे त्या तीन पानांत आहे आणि तिथंच राहील. मला अनेकांनी खासगीत विचारलं, वरच्या ओळखीनं विचारलं, नातेवाइकांनी तर गळ घातली. सज्ञान बाई सुखरूप आहे, स्वेच्छेनं राहते आहे, पत्ता कळवायची तिची इच्छा नाही. कायद्यानं घरच्यांना एवढंच सांगायचं असतं. आईला मी तेवढंच सांगितलं. आईनं विचारलं, “जेवते का?” मी म्हटलं, “जेवते. माझ्यासमोर वडापाव खाल्ला.” हे जबाबात नाही, पण हे सांगायला तिनं मला परवानगी दिली होती.

आम्ही दोन ओळींचं निवेदन काढलं. मुलगी सुखरूप मिळून आली, घातपात नाही. मला वाटलं होतं, लोक सुटकेचा निःश्वास टाकतील. पण लोक चिडले. पोलीस दाबतायत, ती खरी नव्हेच, लाइव्ह दाखवा, कुणाबरोबर होती ते सांगा. जी मुलगी जिवंत हवी म्हणून ते मेणबत्त्यांची चित्रं टाकत होते, ती जिवंत निघाल्याचा त्यांना आनंद झाला नाही. त्यांची गोष्ट अर्धी राहिली होती. चॅनेलवाल्यानं निरोप धाडला, तिला एक मिनिटाचा व्हिडिओ करायला सांगा, मी लगेच माझा काढतो. ती तयार झाली होती. मामांसाठी करते म्हणाली. साहेबांनी स्पष्ट नाही म्हटलं. जिवंत असल्याचा पुरावा तिनं पोलिसांना दिलाय, गावाला द्यायचं तिच्यावर बंधन नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पण मग मामांचं काय? त्यांची तक्रार लिहून घेतली, ती अदखलपात्र. बदनामीसाठी पोलीस थेट गुन्हा दाखल करून अटक करू शकत नाहीत, ज्याची बदनामी झाली त्यानं स्वतः कोर्टात जायचं असतं. रोजची कमाई चारशे-पाचशेवरून शंभरावर आलेल्या माणसानं वकील कुठून लावायचा? स्टँडवरच्या रिक्षावाल्यांनी वर्गणी काढली. साहेबांनी ठाण्याच्या शिक्क्यानिशी पत्र दिलं, सदर इसमाविरुद्ध कोणताही गुन्हा दाखल नाही, त्यांनी तपासात सहकार्य केलं आहे. मामांनी ते लॅमिनेट करून ड्रायव्हर सीटच्या मागं लावलंय. चढणारी माणसं आधी ते वाचतात, मग बसतात.

तो व्हिडिओ अजून आहे. नाव बदललंय, नंबर पुसलाय, ४७ मिनिटं तशीच आहेत. मामांनी लावलेल्या बदनामीच्या खटल्यात मला साक्षीला बोलावलंय. किराणा दुकानातला डीव्हीआर पंचनाम्यासह जमा आहे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलंय, आणि दोन घड्याळं शेजारी शेजारी दाखवणारा तो फोटोही. पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीनंतरची मिळाली आहे. मामा त्या दिवशी रिक्षा बंद ठेवणार आहेत.