संघ ठरायच्या आधी काढलेलं तिकीट

आयपीएलच्या प्ले-ऑफचं, म्हणजे साखळीनंतर पहिल्या चार संघांत होणाऱ्या सामन्यांचं, तिकीट काढताना आपला संघ त्या सामन्यात असेल की नाही हे माहीत नसतं. माहीत होईपर्यंत थांबलात, तर तिकीट उरलेलं नसतं. २०२५ च्या आयपीएलमध्ये मी आणि माझा भाचा क्वालिफायर २, म्हणजे अंतिम फेरीतला दुसरा संघ ठरवणारा सामना, बघायला अहमदाबादला गेलो, त्याची ही हकीकत. कोणाला पुढे असं जायचं असेल तर पैसे नेमके कुठे आणि कधी जातात याचा अंदाज येईल. शिवाय मुंबई इंडियन्सच्या संघनिवडीबद्दल मला बोलायचंच आहे, तेही बोलून होईल.

हा सामना मुळात कोलकात्याला होता. ९ मेला भारत-पाकिस्तान तणावामुळे स्पर्धा थांबली, १७ मेला पुन्हा सुरू झाली, आणि २० मेला कळलं की क्वालिफायर २ आणि अंतिम सामना दोन्ही अहमदाबादला हलवलेत. कोलकात्याचा आम्ही विचारही केला नसता. अहमदाबाद मात्र बोरिवलीहून सकाळी गाडीत बसलं की दुपारी गाठता येतं. दुसऱ्याच दिवशी, २१ मेला, मुंबईने वानखेडेवर दिल्लीला ५९ धावांनी हरवलं आणि प्ले-ऑफमधली शेवटची जागा घेतली. सामना संपला आणि भाच्याचा फोन. "मामा, जायचं ना?"

जायचं म्हणजे काय, ते बायकोने लगेच विचारलं. आमच्याकडे खर्चाचं खातं तिच्याकडे आहे आणि त्या वर्षी तिचं बोलणं रास्त होतं. फेब्रुवारीत रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ झालं, एप्रिलमध्ये गॅस सिलिंडर ५० रुपयांनी चढून मुंबईत ८५२ रुपये ५० पैशांवर गेला. हे छोटे आकडे महिन्याच्या शेवटी कसे एकत्र येतात ते घर चालवणाऱ्यालाच कळतं. तिने अट घातली: तिकीट, प्रवास, खाणंपिणं सगळं धरून एक रक्कम, त्यापुढे एक रुपया नाही, आणि मुक्काम नाही. मुक्कामाची अट मला आधी जाचक वाटली. मग आठवलं की २०२३ च्या विश्वचषकात भारत-पाकिस्तान सामन्याच्या वेळी अहमदाबादमधले हॉटेलचे दर इतके चढले होते की लोक हॉस्पिटलमध्ये खाट मिळते का याची चौकशी करत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. मुक्काम नाही, ठरलं.

तिकीटविक्रीबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांचा अनुभव सारखाच असतो. एका विशिष्ट कार्डवाल्यांना आधी खिडकी उघडते, ते कार्ड आपल्याकडे नसतं. मग उरलेल्यांसाठी उघडते आणि अॅप सांगतं की तुमच्या पुढे एवढे हजार लोक आहेत. नंबर येतो, सीट निवडतो, पैसे भरायला जातो तोवर ती सीट गेलेली. भाच्याने त्याच्या फोनवरून, मी माझ्या, आणि ताईने आपल्या फोनवरून, असं तिघांनी एकाच वेळी लावून धरलं तेव्हा वरच्या स्टँडमधल्या दोन जागा हाती लागल्या. मैदानात १,३२,००० माणसं मावतात, त्यामुळे तिथे निदान आशा तरी असते. वानखेडेवर ती जागाच नाही.

खटकलं ते बिल. आयपीएलच्या तिकिटावर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता, म्हणजे हजाराच्या तिकिटाला १,२८० आणि वर अॅपची कन्व्हिनियन्स फी. आंतरराष्ट्रीय सामन्यासारख्या मान्यताप्राप्त स्पर्धेचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर करच नाही, त्यावर असेल तर १८ टक्के. आयपीएल त्या यादीतून वगळलेली आहे. तोच बुमरा, तेच मैदान, पण निळा रंग देशाचा की मुंबईचा यावर कर ठरतो. लीग हा धंदा आहे हे मलाही कळतं. पण मग धंद्यासारखं वागा ना, गिऱ्हाईक जाताना-येताना पिळून निघतं त्याचीही काही काळजी घ्या.

आता मधले दिवस. २६ मेला जयपूरला पंजाबने मुंबईला सात गडी राखून हरवलं. मुंबई चौथी, म्हणजे आधी एलिमिनेटर (हरलात की बाहेर), तोही चंदीगडजवळच्या मुल्लांपूरला, ३० मेला. तो जिंकला तरच १ जूनला अहमदाबाद. खिशात तिकीट आहे, संघ अजून पोचायचा आहे, आणि परत देण्याची सोय नाही. एकही चेंडू न पडता सामना रद्द झाला तर पैसे मिळतात. १७ मेचा बंगळुरूचा सामना तसा वाहून गेला आणि प्रेक्षकांना परतावा जाहीर झाला. तुमचा संघ आधीच्या फेरीत हरला, ही मात्र तुमची अडचण.

त्यातच संघाची घडी मोडत होती. स्पर्धा लांबली आणि परदेशी खेळाडूंना आपापल्या देशाकडे जाणं भाग होतं. रिकल्टन आणि कॉर्बिन बॉश कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी दक्षिण आफ्रिकेच्या संघात, विल जॅक्स इंग्लंडच्या एकदिवसीय संघात. त्यांच्या जागी जॉनी बेअरस्टो ५ कोटी २५ लाखांना, ग्लीसन १ कोटीला आणि असलंका ७५ लाखांना आले. क्रिकेट बोर्डाने त्यासाठी खास तात्पुरत्या बदलीचा नियम काढला: असा खेळाडू पुढच्या वर्षी कायम ठेवता येणार नाही, पण आत्ता वापरा. फ्रँचायझीचं, म्हणजे संघमालकांचं, नुकसान होऊ नये म्हणून काही दिवसांत नियम बदलता येतो. ज्याने जॅक्सला बघायला तिकीट काढलं त्याच्यासाठी काय बदललं?

माझ्या मते सगळ्यात मोठा घाव जॅक्स जाण्याचा होता. बेअरस्टोने सलामीला रिकल्टनची जागा भरून काढली, एलिमिनेटरमध्ये २२ चेंडूंत ४७ ठोकले. पण जॅक्स वरच्या फळीत खेळायचा आणि ऑफ-स्पिनही टाकायचा. तो गेल्यावर कर्णधार हार्दिककडे एक गोलंदाज कमी झाला. इम्पॅक्ट प्लेअरच्या (सामन्याच्या मधे एक खेळाडू बदलायच्या मुभेच्या) जमान्यात अष्टपैलूची गरज संपली असं म्हणणाऱ्यांना मी अहमदाबादचा सामनाच दाखवतो.

३० मेची रात्र. रोहितच्या ५० चेंडूंत ८१, मुंबई २२८. तरी गुजरातच्या साई सुदर्शन आणि वॉशिंग्टन सुंदरने जीव काढला. बुमराने यॉर्कर टाकून सुंदरची यष्टी उडवली तेव्हा आमच्या मजल्यावरची दारं उघडली. २० धावांनी जिंकलो. घड्याळात मध्यरात्र होत आलेली, आणि मी नाचायच्या ऐवजी फोनला चार्जर लावत होतो, कारण रविवार १ जूनच्या गाडीचं तत्काळ शनिवारी सकाळी १० वाजता उघडणार होतं.

तत्काळ काढणाऱ्यांसाठी: एसी वर्गाचं १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता, गाडी तिच्या पहिल्या स्थानकावरून सुटते त्या तारखेच्या एक दिवस आधी. प्रवाशांची नावं आधीच रेल्वेच्या बुकिंग साइटवरच्या मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा, त्या दोन मिनिटांत टाइप करत बसू नका. एसी चेअर कारला तत्काळचा जादा आकार १२५ ते २२५ रुपयांच्या मधे असतो, थर्ड एसीला ३०० ते ४००. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर काही परत मिळत नाही. म्हणजे मुंबई जिंकल्यावरच काढायचं, आधी नाही. ते एक गणित आमचं बरोबर बसलं. जातानाची चेअर कार मिळाली. येताना सोमवारची वेटिंगच दिसत होती, म्हणून रात्री उशिराच्या खासगी बसच्या दोन जागा घेतल्या. बसवाल्याने नेहमीच्या दराच्या जवळपास दुप्पट लावले. सामना आहे हे त्यालाही ठाऊक.

गाडीत अर्धा डबा निळा. ताईने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली होती आणि त्यावर आम्ही दिवस काढला, कारण मैदानात खाण्याचं एकदा आत शिरलात की पर्याय उरत नाही. हे कुठल्याही मैदानाचं सांगतोय. पाण्याची बाटली नेऊ देत नाहीत, ती सुरक्षेची बाब म्हणून मान्य. पण आत पाणी बाटलीऐवजी ग्लासात ओतून मिळतं तेव्हा त्याला छापील किंमत उरत नाही. बाटलीवर एमआरपीपेक्षा जास्त घेणं कायद्याने गुन्हा, ग्लासावर छापलेलंच काही नाही. पॉपकॉर्न, सामोसा यांचं तर बोलूच नका. आत जायच्या आधी पोटभर जेवा आणि पाणी पिऊन घ्या, एवढंच सांगेन. जर्सीही बाहेर रस्त्यावरची घेतली, अधिकृत जर्सीच्या पैशात ताईकडे सगळ्यांना घालता आल्या असत्या.

नाणेफेक पंजाबने जिंकली, गोलंदाजी घेतली, आणि पाऊस आला. शेजारचा एक गृहस्थ शांतपणे म्हणाला, "सामना झालाच नाही तर पंजाब पुढे." खरंच होतं. गुणतक्त्यात ते पहिले होते, राखीव दिवस नव्हता. साडेसातचा सामना पावणेदहाला सुरू झाला, पण षटकं पूर्ण वीस राहिली. आमची बस सुटायची वेळ डोक्यात घोळत होती. भाच्याने बसवाल्याला फोन लावला, तो म्हणाला निम्मे प्रवासी तिथेच अडकलेत, थांबतो. दुप्पट पैशांबद्दलचा माझा राग तिथे जरा निवळला.

रोहित आठवर गेला. मग बेअरस्टो ३८, तिलक ४४, सूर्या ४४ आणि शेवटी नमन धीरच्या १८ चेंडूंत ३७. २०३. आणि आधी फलंदाजी करून २०० च्या पुढे गेल्यावर मुंबई आयपीएलमध्ये तोवर कधी हरलेली नव्हती.

इथे मला मेगा लिलावात मागे जावं लागेल. नोव्हेंबर २०२४, जेद्दाह. मुंबईने आधीच पाच जण कायम ठेवले: बुमरा १८ कोटी, सूर्या आणि हार्दिक १६.३५, रोहित १६.३०, तिलक ८. पाचही आंतरराष्ट्रीय खेळलेले. त्यामुळे राइट टू मॅच कार्ड (दुसऱ्याने लावलेल्या बोलीवर आपला जुना खेळाडू परत घ्यायचा हक्क) उरलं एकच आणि तेही फक्त अनकॅप्ड, म्हणजे देशाकडून न खेळलेल्या, खेळाडूसाठी वापरता येणार. मुंबईचे असे जे तरुण लिलावात होते, त्यांत नेहाल वढेरा आणि नमन धीर हे दोघं होते. वढेरा ४ कोटी २० लाखांना पंजाबकडे गेला, कार्ड धीरवर वापरून त्याला ५ कोटी २५ लाखांत परत आणलं. तेव्हा मी भाच्याला म्हणालो होतो की डावखुरा मधल्या फळीतला माणूस सोडायला नको. तो म्हणाला, धीरचं क्षेत्ररक्षण बघ. त्या रात्री अहमदाबादला धीरने ३७ केल्या आणि वढेराने, एक झेल सुटल्यावर, २९ चेंडूंत ४८. वाद आजही मिटलेला नाही.

आणि मग श्रेयस अय्यर. मुंबईचाच पोरगा, पंजाबने २६ कोटी ७५ लाखांना घेतलेला. पंजाबच्या इंग्लिसने बुमराच्या एका षटकात २० घेतल्या तेव्हाच स्टँडमध्ये आवाज बसला होता. बुमराने अठरावं षटक टाकून आपली चार संपवली, १२ चेंडूंत २३ हव्या होत्या, आणि एकोणिसावं मिळालं अश्वनी कुमारला. लिलावात ३० लाखांचा, मार्चमध्ये पदार्पणात कोलकात्याचे चार बळी घेणारा गुणी पोरगा. श्रेयसने त्याला चार षटकार मारले आणि पंजाब जिंकलं. जॅक्सची दोन-तीन षटकं मधे निघाली असती तर शेवटी कोणाला ठेवायचं याला वाव राहिला असता, असं माझं मत. भाचा म्हणतो, ४१ चेंडूंत नाबाद ८७ मारणाऱ्याला कोणी टाकलं असतं तरी काय फरक पडला असता.

बाहेर पडेपर्यंत दोन वाजत आले होते. बस खरंच थांबली होती.

हिशोब बायकोला दिला, अटीच्या आत बसला, दशम्यांमुळे. सगळ्यात मोठा आकडा तिकिटाचा आणि त्यातला करच आमच्या एका माणसाच्या रेल्वेभाड्याच्या घरात जाणारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो कर २८ वरून ४० टक्के झाला, म्हणजे तेच हजाराचं तिकीट आता १,४०० ला. त्याच सुधारणेत बाटलीबंद पाणी १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, पण ग्लासवाल्याला ते कोण सांगणार.

डिसेंबर २०२५ च्या लिलावात मुंबईकडे सगळ्यांत कमी, २ कोटी ७५ लाख उरले होते, त्यातल्या एका कोटीत डी कॉक परत आला. त्याआधी पालघरचा शार्दूल ठाकूर लखनौकडून २ कोटींत आला. जॅक्सला कायम ठेवलं होतं. भाच्याने अकरा जणांची यादी रात्रीच पाठवली, त्यात चार परदेशी कोण यावर आमचं जमत नाही. मी त्याला विचारलं, घरच्या मैदानावरचं एक तिकीट काढू या की बाहेरचं? तो म्हणाला, घरचं, आणि मामी काय म्हणते ते आधी विचार.