‘चालत राहा’ म्हणजे नेमकं किती?

अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन करताना छातीत आणि पोटात दोन्हीकडे काम असतं. एक फुफ्फुस काही तास मिटवून ठेवतात, जठराची नळी करून ती गळ्यापर्यंत ओढतात आणि तिथे जोडतात. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर शरीराची प्राणवायूची गरज, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे मिनिटाला सुमारे 110 मिलिलिटरवरून सरासरी 170 पर्यंत जाते आणि काही दिवस तिथेच राहते. पेशंट पलंगावर निजलेला दिसतो, पण आतून तो सतत घाट चढत असतो. ती चढण ज्याच्या आवाक्यात नाही त्याला न्यूमोनिया गाठतो.

ऑपरेशनआधी व्यायामानं आणि आहारानं पेशंटला त्या चढणीसाठी तयार करणं हे आमचं काम. धाराशिवकडच्या या मावशी त्यासाठीच आलेल्या: 61 वर्षांच्या, वजन 42 किलो. रेडिएशन आणि दर आठवड्याची केमो संपलेली, ऑपरेशनला पाच-सहा आठवडे अवकाश. फायलीत सल्ला होता, ‘चालत राहा, आराम करा’. एका ओळीत दोन विरुद्ध सूचना, आणि दोन्हींचं प्रमाण दिलेलं नाही. ‘गोळी घेत राहा’ एवढंच लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन कुणी चालवून घेईल का? व्यायामाच्या बाबतीत मात्र सगळे चालवून घेतात. घरच्यांनी त्यातला आराम तेवढा उचलला होता. मुलगा अभिमानानं म्हणाला, “आईला आम्ही तांब्यासुद्धा उचलू देत नाही.” माया खरी, पण मांडीचा स्नायू त्या मायेनंच वितळतो.

मावशींचं म्हणणं वेगळंच. “वारी केल्याली हाये म्या, मला काय चालायला शिकवता?” गावच्या दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेलेल्या बाईला हा प्रश्न विचारायचा अधिकार आहेच. पण दिंडीची चाल संथ असते, त्यात अंतर मोठं आणि धाप कमी. आम्हाला हवी असते मोजून लावलेली धाप.

आधी मोजमाप. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीला 30 मीटरचा सरळ, मोकळा कॉरिडॉर लागतो. सरकारी असो की ट्रस्टचं, दहानंतर कुठल्याही हॉस्पिटलात तो मिळत नाही. सतरंज्या, डबे, स्ट्रेचर आणि भिंतीला टेकलेले नातेवाईक. म्हणून चाचणी ओपीडी उघडण्याआधी. वीस मीटरवर केली तर वळणं वाढतात आणि अंतर आपोआप घटतं, त्यामुळे पहिली आणि दुसरी चाचणी एकाच पट्ट्यावर हवी. बाजूनं ‘चला चला, जोरात’ ओरडायचं नाही, दर मिनिटाला ठरलेलं एकच वाक्य. मावशी 306 मीटर चालल्या. खुर्चीवरून हात न टेकता 30 सेकंदांत 8 वेळा उठल्या. हिमोग्लोबिन 8.6. एवढ्या कमी रक्तावर नुसत्या व्यायामानं फार काही हलत नाही. शिरेतून लोह देण्याचा आग्रह धरला, तो मान्य झाला, आणि त्याचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात म्हणून पहिल्याच आठवड्यात दिलं गेलं.

मग प्रमाण. विश्रांतीतली नाडी 88, वयानुसार कमाल 159. मधल्या 71 ठोक्यांचे 40 ते 60 टक्के विश्रांतीच्या नाडीत मिळवायचे, म्हणजे 116 ते 131 या पट्ट्यात चालायचं. नाडी मंदावणारी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर हे गणित कोलमडतं, तेव्हा दमणुकीच्या 6 ते 20 च्या बोर्ग मोजपट्टीवर 12 ते 14 धरायचं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडपासून घरात पडून होता. पण चालताना बोटाकडे बघत बसणं शेतातल्या वाटेवर जमत नाही. म्हणून अभंगाची खूण ठरवली: अख्खा अभंग चालीत म्हणता आला तर वेग कमी, दोन-तीन शब्दांमागे श्वास घ्यावा लागला तर बरोबर, शब्दच फुटेना तर थांबा. हे मावशींना एका दमात कळलं.

पाच मिनिटं सावकाश, मग दोन मिनिटं भरभर आणि एक मिनिट हळू अशी आठ आवर्तनं, शेवटी पुन्हा पाच मिनिटं सावकाश. आठवड्यातून पाच दिवस. एक दिवसाआड ताकदीचा व्यायाम: उठबस 8 च्या तीन फेऱ्या, ओसरीच्या पायरीवर चढउतार, टाचा उचलणं, लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन हातांत. उठबशीसाठी घरात खुर्ची नव्हती. पलंग उंच असला की व्यायाम फुकट जातो आणि फार बुटका असला की गुडघे बोलतात, म्हणून बैठक जमिनीपासून दोन वीत, साधारण 43 ते 45 सेंटिमीटर. छातीत दुखलं, चक्कर आली, ऑक्सिजन 88 च्या खाली गेला किंवा ताप आला तर त्या दिवशी बंद आणि फोन.

श्वासाचं यंत्र हा आमच्या धंद्यातला कायमचा विनोद. तीन गोळ्यांचं ते यंत्र प्रत्येक पेशंटच्या उशाशी असतं आणि निम्मे त्यात फुंकतात. ते ओढायचं असतं. एक गोळी सेकंदाला 600 मिलिलिटर, तिन्ही 1200. हिसका देऊन तिन्ही उडवण्यापेक्षा एकच गोळी तीन सेकंद वर धरून ठेवणं उपयोगाचं. कवळी काढून ठेवली तर ओठांतून हवा गळते. खरं तर या यंत्राचा पुरावा तोकडा आहे. भरवशाचं दोन गोष्टींचं. एक, श्वास आत घेण्याच्या ताकदीच्या 30 टक्के विरोधापासून सुरुवात करून तो वाढवत नेणारा सराव: नेदरलँड्समध्ये 2006 साली बायपासच्या पेशंटांवर झालेल्या चाचणीत यानं फुफ्फुसाच्या गुंतागुंती 35 टक्क्यांवरून 18 वर आल्या. दुसरी गोष्ट फुकट आहे. ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टनं अर्धा तास बसून खोल श्वास आणि खोकणं शिकवणं. पोटाच्या वरच्या भागातल्या ऑपरेशनांवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली 2018 ची चाचणी आहे, त्यात फुफ्फुसाच्या गुंतागुंतींचं प्रमाण 27 वरून 12 टक्के झालं. पोटाला उशी दाबून खोकायला मावशी घरीच शिकल्या, जखम नसताना.

सगळ्यात अवघड गेलं खाणं. किलोला दीड ग्रॅम धरलं तर दिवसाला 63 ग्रॅम प्रथिनं. केमोनंतर गिळणं मऊ अन्नापर्यंत सुधारलेलं, पण माळकरी, म्हणजे अंडं नाही. सून रोज ‘डाळीचं पाणी’ देत होती. वरणाच्या वरच्या पाण्यात प्रथिनं नावालाच, डाळ राहते तळाशी. मग घट्ट, घोटलेलं वरण दोन वाट्या (13 ग्रॅम), अर्धा लिटर दूध (16), त्यात 30 ग्रॅम स्निग्धांश काढलेली दूध पावडर (10), डाळ्यांचं 50 ग्रॅम पीठ (11), आणि पनीर कुस्करून 70 ग्रॅम (12 च्या आसपास). हा हिशोब सुनेनं फळीवर खडूनं लिहून ठेवला. अख्ख्या प्रकरणात सगळ्यात काटेकोर काम तिचं होतं, आमच्यातल्या कुणापेक्षाही.

मिश्री सुटायला वेळ लागला. सुटली ती दातांच्या डॉक्टरांनी हिरड्या दाखवून सांगितल्यावर: भूल देताना नळी याच तोंडातून जाते, तोंडातली घाण फुफ्फुसात उतरते.

ऑपरेशनआधी पुन्हा मोजलं: 372 मीटर, उठबस 11. वाढ 66 मीटरची. आता इथेच डोकं अडतं. ही चाचणी दुसऱ्यांदा करताना, काहीही न करता, केवळ सरावानं वीस-तीस मीटर वाढतात. लोहानं हिमोग्लोबिन 10.4 झालं होतं. केमोचा थकवाही ओसरत होता. व्यायामाचा वाटा किती, हे एका मावशीवरून सांगता येत नाही, तरी युनिटच्या मीटिंगमध्ये 66 हाच आकडा टाळ्या घेऊन गेला.

ऑपरेशननंतर सातव्या दिवशी गळ्यातला जोड थोडा गळला. व्यायामानं जोड गळायचे थांबतात असं मी कुणाला सांगत नाही. पण गळ्याचे टाके मोकळे करून, पोटातल्या नळीवाटे आहार देत तो भरून येईपर्यंत मावशी कॉरिडॉरमध्ये चालत होत्या, दर तासाला दहा खोल श्वास आणि तीन खोकले करत होत्या, आणि फुफ्फुसं स्वच्छ राहिली. सर्जन म्हणाले, “नशीब.” असेल.

सरकारी आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये ऑपरेशन बसतं, त्याआधीचे आठवडे बसत नाहीत. ऑपरेशनपूर्व तपासणीच्या फॉर्मवर ईसीजी, एक्स-रे, रक्तगटाला रकाने आहेत, चाललेल्या अंतराला नाही. मावशींचे आठवडे मिळाले तेही रेडिएशननंतर तसंही थांबावं लागतं म्हणून. केमो सुरू होतानाच पेशंट आमच्याकडे यावा असं लेखी दिलंय. गेल्या आठवड्यात त्याच युनिटमधून चिठ्ठी आली, ‘ऑपरेशनसाठी तंदुरुस्त करून द्यावे’. तारीख दुसऱ्या दिवशी सकाळची होती.